आज लोकशाही आहे, शाळेला सुट्टी

इतिहास आणि नागरिकशास्त्र रंजक करून शिकवा, अशी उबळ आपल्या शिक्षणाच्या जगात अधूनमधून येते. उबळ आली की कार्यशाळा होते. तज्ज्ञ मार्गदर्शक येतात आणि ‘रंजक अध्यापन’ या विषयावर दोन तास एका सुरात पीपीटी वाचून दाखवतात. मागच्या रांगेतले गुरुजी तेवढ्यात मोबाइलवर कुठलीशी ऑनलाइन लिंक भरून घेतात. चहा-बिस्किटं होतात, सहभागाची प्रमाणपत्रं वाटली जातात आणि सोमवारी वर्गात पुन्हा ‘रिकाम्या जागा भरा’ सुरू होतं.

रंजक म्हणजे काय, याबद्दलच्या आपल्या कल्पनाही पक्क्या आहेत. इतिहास रंजक करायचा म्हणजे कापसाची नाहीतर काजळाची दाढी, भाड्याचा जिरेटोप आणि पुठ्ठ्याची तलवार. चौथीतला महाराज माइकसमोर उभा राहतो, पाठ केलेले चार संवाद फेकतो, पाचवा विसरतो आणि आईकडे बघतो. टाळ्या. नागरिकशास्त्राची तेवढीही सोय नाही. राज्यपालाला दाढी लावली तरी कोणी ओळखत नाही.

माझं म्हणणं जरा निराळं आहे. हे विषय कंटाळवाणे नाहीतच. ते कंटाळवाणे ठेवण्यात सगळ्यांची सोय आहे. पुरावा हवा असेल तर शाळेच्या सुट्ट्यांची यादी काढा.

दहावीच्या राज्यशास्त्रात ‘निवडणूक प्रक्रिया’ हा अख्खा धडा आहे. आता मतदानाचा दिवस बघा. मतदान कुठे होतं? बहुतेक ठिकाणी शाळेत. घेतं कोण? बऱ्याच ठिकाणी शिक्षकच. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई केली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना त्यातून सूट दिली. म्हणजे इमारत शाळेची, बाकं शाळेची, माणसं शाळेची, धडाही शाळेचा. आणि विद्यार्थी? त्यांना सुट्टी! प्रयोगशाळेत प्रयोग असेल नेमकं त्याच दिवशी विज्ञानाच्या पोरांना घरी पाठवावं, तसला हा प्रकार.

पुढची गंमत नियमातच आहे. मतदान केंद्रात कोणाला आत सोडायचं, याची यादी निवडणूक संचालन नियम, 1961 मध्ये दिलेली आहे. त्या यादीत मतदाराच्या कडेवरचं मूल बसतं. म्हणजे ज्याला अजून चमचा धरता येत नाही त्याला लोकशाहीत थेट प्रवेश, आणि जिला मार्चमध्ये निवडणूक आयोगाची कार्यं लिहायची आहेत ती फाटकाबाहेर. नियम चुकीचा आहे असं नाही. केंद्रात गर्दी नकोच. पण गुरुजी तर आत असतात ना?

गुरुजी आत काय काय बघतात, याची नुसती यादी केली तरी तो धडा जिवंत होईल. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं. किमान 50 मतं टाकायची, निकाल काढून दाखवायचा, यंत्र पुसून कोरं करायचं, व्हीव्हीपॅटमधल्या त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. मग खरं मतदान. काचेमागे चिठ्ठी दिसते ती 7 सेकंद. बोटाला लागणारी शाई येते म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून, 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून. आणि दुपारी कधीतरी एक आजोबा येतात. यादीत त्यांच्या नावापुढे आधीच खूण असते. कोणीतरी त्यांच्या नावावर मत टाकून पसार झालेलं असतं.

आता करायचं काय?

हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात नुसता टाकून बघा आणि पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसा. कोणी म्हणेल, आजोबांना परत पाठवा. कोणी म्हणेल, मशिनमध्ये आणखी एक मत टाकू द्या. लगेच मागच्या बाकावरून आवाज येईल, ‘म्हणजे एका नावावर दोन मतं?’ भांडण चांगलं तापलं की मग सांगा. आजोबांना मत देता येतं, पण यंत्रावर नाही. त्यांना कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात बंद होते. याला प्रदत्त मत म्हणतात. आणि तोतया आत असतानाच एखाद्या प्रतिनिधीला शंका आली, तर त्याने 2 रुपये भरून आक्षेप घ्यायचा. केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करायची. आक्षेप उगाच खोडसाळपणाने घेतलेला निघाला, तर ते 2 रुपये जप्त. यात नाट्य आहे, न्याय आहे, खलनायक आहे. कापसाची दाढी लागत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? दुसऱ्या दिवशी गुरुजी तारवटलेल्या डोळ्यांनी वर्गात येतात. पोरं विचारतात, ‘गुरुजी, काल काय झालं?’ गुरुजी म्हणतात, ‘काय व्हायचंय? रात्रभर बाकावर झोपून पाठ धरली. चला, निवडणूक प्रक्रिया काढा.’

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचंही असंच. 1951-52, सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. एवढं लिहिलं की गुण मिळतात. त्या सेनसाहेबांच्या मतदारयाद्यांत लाखो बायकांनी, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, स्वतःचं नाव सांगायला नकार दिला होता. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहा म्हणाल्या. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला निदान उखाणा तरी होता. तिथे स्वतःचंच नाव तोंडातून निघेना. सेन अडून बसले. स्वतःचं नाव नाही तर मत नाही. सुमारे 28 लाख बायकांची नोंद यादीतून गेली. सेन बरोबर होते की चूक? यावर वर्गात दोन तट पडतील आणि तास कधी संपला ते कळणार नाही. पण हा प्रश्न ‘अपेक्षित’मध्ये नाही. तिथे आहे: ‘भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त _____ हे होते.’

*

आता ग्रामसभा. सहावीच्या नागरिकशास्त्रात मुलं ती शिकतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात आणि प्रथेप्रमाणे त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतात. तारखा नीट वाचा. एक प्रजासत्ताकाची, एक महाराष्ट्राची, एक स्वातंत्र्याची आणि एक गांधीजींची. चारही दिवस वर्ग बंद.

15 ऑगस्टचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. प्रभातफेरी होते, झेंडावंदन होतं, पाहुण्यांची भाषणं होतात. त्यांत ‘आजचे विद्यार्थी हे उद्याचे नागरिक’ हे वाक्य येतंच. मग बिस्किटाचा पुडा हातात पडतो आणि बाई सांगतात, ‘आता सरळ घरी जायचं, इथे घुटमळायचं नाही.’ उद्याचे नागरिक फाटकाबाहेर पडतात आणि त्याच सतरंज्यांवर आजच्या नागरिकांची ग्रामसभा सुरू होते.

ती मागे बसून बघितली तर सहावीतल्या मुलाला काय कळेल? पहिल्यांदा गणित कळेल. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. 400 मतदारांच्या वाडीत 60, आणि 1200 मतदारांच्या गावात 180 नाही, 100. शेकडेवारीचं यापेक्षा चांगलं उदाहरण गणिताच्या पुस्तकात सापडायचं नाही. मग मूल डोकी मोजेल. ती भरतील चौतीस. सभा तहकूब. मग त्याला कळेल की गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्तीची अटच नसते. पुढच्या वेळी जे येतील ते येतील आणि ठराव मंजूर.

सहावीतलं पोरगं इथे हमखास विचारणार, ‘मग पहिल्या सभेला लोक आले नाहीत तर त्यात कोणाचा फायदा?’

आता कळलं, बाई घुटमळू का देत नाहीत ते? त्यांना स्वतःला काही वाटत नसतं हो. पण शाळेच्या पत्र्यांचं काम सरपंचांच्या सहीवर अडलेलं असतं.

*

इतिहासाचा सर्वांत चांगला तास महाराष्ट्रात दिवाळीच्या सुट्टीत भरतो. माती कालवलेली असते, गोणपाटं आलेली असतात, आळीव पेरलेले असतात. राजगड करायचा की प्रतापगड, यावरून दोस्तीत फूट पडते. पाण्याचं टाकं कुठे? वर काढलं तर पाणी येणार कुठून, खाली काढलं तर वेढा पडल्यावर प्यायचं काय? चोरवाट ठेवायची का? तोफ कुठल्या तोंडाला? मावळा बुरुजापेक्षा उंच झालेला असतो आणि महाराज सगळ्या गडापेक्षा मोठे, ते सोडा. पण दुर्गशास्त्र, रसद, पाणी आणि लढाईचं शहाणपण यांवर पोरं चार दिवस हात काळे करून वाद घालतात. गुण शून्य, शिक्षक शून्य. सुट्टी संपली की तीच पोरं वर्गात ‘किल्ल्यांचे महत्त्व स्पष्ट करा’ याचं चार मुद्द्यांचं उत्तर फळ्यावरून उतरवून घेतात आणि त्यातल्या एकाही मुद्द्यावर वाद घालत नाहीत.

शैक्षणिक सहलही अशीच. एसटी शाळेला निम्म्या भाड्यात गाडी देते. परवानगीच्या अर्जात ऐतिहासिक स्थळ असतं, पालकांच्या चिठ्ठीत ऐतिहासिक स्थळ आणि वॉटर पार्क, आणि मुलांच्या आठवणीत फक्त वॉटर पार्क. गडावर गेलेच तर तिथला इतिहास एवढाच: ‘रांग मोडू नका, कठड्याला हात लावू नका, कोण राहिलंय, मोजा.’

खरं तर गाडी करून लांब जायचीही गरज नाही. आपल्या कितीतरी गावांत देवळामागे शेंदूर फासलेला एक उभा दगड असतो. लोक त्याला देव म्हणतात, पोरं त्यावर दप्तर टेकवतात. तो वीरगळ असतो. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खाली लढाई: ढाल, तलवार, कधी घोडा, कधी गाई. गाई असतील तर गावाचं गोधन सोडवताना माणूस पडला असं समजायचं. त्याच्यावर अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात. त्याच्यावर तो शिवलिंगापाशी हात जोडून. अगदी वर चंद्र आणि सूर्य: ते आहेत तोवर याचं नाव राहील, अशी गावाची हमी. नाव आता कोणालाच ठाऊक नाही, हा भाग वेगळा. एका दगडात पशुधन, चकमक, मरणाबद्दलच्या कल्पना आणि गावाची कृतज्ञता. शाळेपासून चालत पाच मिनिटं. पण ‘पोर्शन’ पूर्ण व्हायचा आहे. तेव्हा प्राचीन भारताचा इतिहास वर्गातच, खिडक्या लावून.

*

पुस्तकांना शिव्या घालणं सोपं आहे, पण इथे न्याय करायला हवा. 2018 ला आलेलं दहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडून बघा. त्यात इतिहास कसा लिहितात यावर धडे आहेत. खेळ आणि इतिहास, प्रसारमाध्यमं आणि इतिहास, मनोरंजनाची माध्यमं, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन, हे सगळं आहे. करणाऱ्यांनी चांगल्या मनाने मेजवानी मांडली होती. आपण ती 40 गुणांच्या ताटात वाढली आणि तिची ‘चुकीची जोडी ओळखा’ झाली. ‘दर्पण’ म्हणजे 6 जानेवारी 1832, बाळशास्त्री जांभेकर. ‘सीतास्वयंवर’ म्हणजे 1843, विष्णुदास भावे, सांगली. ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत का निघत होतं? समोरचा इंग्रज वाचक कोण होता, त्याला काय ऐकवायचं होतं? हे विचारलं तर सर घड्याळाकडे बघतात.

पानिपतही घ्या. 14 जानेवारी 1761 आणि पराभवाची पाच कारणं. सहावं कारण शोधणाऱ्याला जादा गुण नाहीत. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं धुंडाळून 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो या पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. त्या काळात भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैसा आणि रसद यांसाठी तगादा लावून बसले होते. मुलांना कारणं देण्याआधी नुसती परिस्थिती द्या: धान्य संपत आलंय, जनावरं मरतायत, लढणाऱ्यांबरोबर न लढणारेही हजारो आहेत, वाट शत्रूने अडवली आहे, आणि तुम्ही भाऊ आहात. थांबता की निघता? मुलं स्वतः कारणं काढतील, कदाचित सात काढतील. मग पेपर तपासणाऱ्याची पंचाईत होईल, कारण नमुना उत्तरपत्रिकेत पाचच आहेत.

मोठ्या माणसांचं भांडण मात्र जोरात चालू असतं. कोणाचा धडा होता, कोणाचा काढला, कोणाला अर्धं पान आणि कोणाला दीड. मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात. एवढ्या हिरिरीने राखलेला तो धडा मुलाने परीक्षेत ‘पर्यायी प्रश्न’ म्हणून सोडून दिलेला असतो, याची खबर कोणालाच नसते.

शिकवणाऱ्याचंही ऐका. शाळेच्या वेळापत्रकात इतिहास हा उरलेला विषय. ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात तो पडतो. सहामाही जवळ आली की गणिताचे सर हक्काने येऊन तो तास उचलून नेतात. आणि पालक तर जाहीरच करतात, ‘इतिहासाला काय क्लास लावायचा? आदल्या रात्री होतो.’ खरं आहे. आदल्या रात्री होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जातो.

*

लोकशाहीचं प्रात्यक्षिक म्हणून काही शाळांत आता मंत्रिमंडळ असतं. निवडणूकही होते. काही ठिकाणी सर मोबाइलवर मतदानयंत्राचं ॲप लावतात, बीप वाजतो, पोरं खूश. इथवर झकास. मग खातेवाटप होतं. मुख्यमंत्री रांगा लावतो. आरोग्यमंत्री नखं तपासतो. पाणीपुरवठामंत्री टाकी भरतो. स्वच्छतामंत्री झाडू मारतो. अधिकार एकाही मंत्र्याला नाही, निधी नाही, आणि मंत्रिमंडळाने काही ठरवलं तर ते सरांना विचारून. मंत्री म्हणजे ज्याने कामं करायची आणि प्रश्न विचारायचे नाहीत, अशी समजूत करून घेऊन ही मुलं मोठी होतात.

या मंत्रिमंडळाने एकदा शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त वाचायला मागावं. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या महिला. पुस्तकात हे असलं तर ‘टीप लिहा’ म्हणून असेल. पण वही उघडली, तर ज्या सभेत ठराव झाला त्या सभेला आपली आई हजर होती असं त्यात लिहिलेलं दिसेल. आई म्हणेल, ‘मी कधी गेले? शिपाई सही घ्यायला घरी आला होता.’ नागरिकशास्त्राचा असा धडा एकदा मिळाला तर जन्मात विसरायचा नाही. म्हणूनच तो मिळत नाही.

माहितीच्या अधिकाराचंही तेच. 2005 चा कायदा, 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. मुलं सुरेख लिहितात, वाक्य न् वाक्य बरोबर. आता त्यांना सांगा, टीप राहू दे, अर्ज लिहा. ‘शाळेसमोरच्या रस्त्यावर गेल्या वर्षी किती खर्च झाला?’ कोणाकडे पाठवायचा, काय मागायचं, काय मागता येत नाही, नकार आला तर अपील कुठे? एका अर्जात अख्खं प्रकरण शिकून होतं. पण अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर दिसला की त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. ‘अहो, नुसता सराव आहे ना? मग खऱ्या रस्त्याचं नाव कशाला घालता?’

रंजकतेची गोम इथे आहे. रंजक नागरिकशास्त्राला पीपीटी लागत नाही, उत्तर देणारी माणसं लागतात. ती कमी आहेत. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. त्यांतलं एक असं की नागरिकाने शोधक बुद्धी वाढवावी. 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये ते संविधानात आलं. कर्तव्य पाठ करायला आपली हरकत नाही. ते मुलांनी बजावायला घेतलं की आपण म्हणतो, ‘फार बोलायला लागलाय हल्ली.’

तेव्हा कार्यशाळा राहू द्या. पुढच्या ग्रामसभेला नववी-दहावीच्या मुलांना बिस्किटाचा पुडा देऊन सतरंजीच्या कडेला बसवा, एवढंच करा. मत देऊ नका म्हणावं, डोकी मोजा आणि ऐका. अर्ध्या तासात एखादी मुलगी उठून विचारेल की मागच्या सभेत मंजूर झालेल्या गटाराचं काय झालं. आणि ‘हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे’ हे उत्तर सरपंचांना देता येणार नाही.